मासळीचं पाणी

लग्नातला उखाणा सोडला, तर माझं नाव मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते एका मांजरीमुळे. आणि तेव्हा मी त्याच मांजरीच्या अंगावर पाणी मारायला मागच्या दाराशी उभी होते. हातात भरलेला तांब्या, दार अर्धं ढकललेलं. चहाच्या वेळेला ती मेथीच्या वाफ्यात येऊन बसते हे मला ठाऊक होतं, आणि आज तिला सोडायचं नाही असं मी ठरवलेलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काय गो, इलंस? काल खंय होतंस?" मला वाटलं ह्यांच्या गावाहून कुणी आलं. फटीतून बघितलं तर बाहेर हे आणि मांजर, तिसरं माणूस नाही. हे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांजर वाफ्यात, ह्यांच्याकडे पाठ करून. हे घसा खाकरून म्हणाले, "नंदाक सांगूक व्हया गो. एकदा सांगूकच व्हया." नंदा म्हणजे मी. मांजरीने अंग ताणलं, भिंतीवर उडी मारली आणि पलीकडे गेली. ह्यांचं बोलणंही तिथेच थांबलं. मी तांब्या बेसिनमध्ये ओतला आणि उगीचच दोन भांडी आपटली.

आता नीट सांगते. आम्ही आधी ठाण्याचे, म्हणजे खोपटला एसटी डेपोच्या मागे चाळीत दोन खोल्या होत्या तिथले. हे डेपोत ड्रायव्हर. नाव गुणाजी, पण मी नाव घेत नाही, 'हे' म्हणते, आणि ते मला 'ऐकलंस का' म्हणतात, तेही क्वचित. रिटायर झाल्यावर टिटवाळ्याला आलो. नवीन बिल्डिंग, सगळ्यांना वरचे मजले हवे होते, हवा येते म्हणून. मी तळमजला मागितला, कारण तळमजल्याला मागे मातीची पट्टी मिळते. पट्टी कसली, बिल्डरने त्यात फुटक्या फरश्या आणि सिमेंटची पोती पुरून ठेवलेली. एकेक तुकडा मी हाताने उपसून काढला. मुलगी रुचिता डोंबिवलीहून आली की म्हणायची, "आई, अगं माळी लाव ना!" माळी कशाला? जन्मभर तुळशीच्या कुंडीएवढ्या मातीत हात घातलेली बाई मी, मला ही माती कुणाला द्यायचीच नव्हती. एका अंगाला अळू लावलं, काळ्या देठाचं वडीसाठी आणि हिरव्या देठाचं फदफद्यासाठी. त्याचे गड्डे ह्यांच्या गावाहून मागवलेले. दुसऱ्या अंगाला मेथीचा वाफा, कडेने मिरच्या. मेथी वर आली तेव्हा मी रोज सकाळी चहा घेऊन नुसती बघत बसायचे. आणि मग एका सकाळी बघते तर वाफ्याच्या मधोमध खड्डा, रोपं मुळासकट उपटून बाजूला, आणि अळवाचा एक गड्डा उघडा पडलेला.

ती शेजारच्या रचनाची मांजर. रचना कल्याणला शाळेत शिक्षिका आहे, नवरा प्रेम बँकेत. दोघं दिवसभर बाहेर, आणि मांजर आमच्याकडे. बेकरीतल्या खारीसारखा रंग म्हणून नावही खारी. पोरगी गोड आहे, मला काकू काकू करते, सणाला डबा पाठवते. तिला काय बोलणार? पण मेथी माझी होती. रुचिताला फोन केला तर तिने यूट्यूब बघून औषधं सुचवली. संत्र्याच्या साली टाक, मांजरांना वास आवडत नाही. थंडीचे दिवस, संत्री भरपूर. महिनाभर घरात जो येईल त्याला मी सोलून संत्री खायला घातली आणि साली वाफ्यात पसरल्या. खारी सालींवर झोपायला लागली. मग कॉफी पावडर टाकली, मग लिंबाच्या काट्यांच्या फांद्या रोवल्या. शेवटी बिल्डिंगमध्ये सगळे करतात तशा निळीच्या पाण्याच्या बाटल्या भरून कडेने उभ्या केल्या. त्याने कुत्रे येत नाहीत म्हणतात. कुत्रे येतच नव्हते. खारी बाटलीला अंग घासून पुढे जायची. एक दिवस माझं टाळकं सरकलं आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'ज्यांचे प्राणी आहेत त्यांनी ते आपल्या घरात ठेवावे.' नाव घेतलं नव्हतं. पण बिल्डिंगमध्ये मांजर एकच. रचनाने लगेच हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि मला दिवसभर कसंतरीच झालं.

आणि ह्या सगळ्या धामधुमीत हे बाहेर खुर्चीवर बसून असायचे. मांजर समोर खड्डा करतेय आणि माणूस हूं की चूं करत नाही! मी आतून ओरडायचे, "अहो, हाकला ना तिला! डोळ्यांदेखत उकरतेय मेली!" हे ढिम्म. पण ढिम्मपणाचं मला नवल नव्हतं. एसटीत पुढे पाटी असते ना, चालकाशी बोलू नये, ती पाटी मी लग्न करून घरात आणली असं मी हळदीकुंकवाला सांगायचे आणि बायका खो खो हसायच्या. ते वस्तीची गाडी घेऊन कुठे कुठे मुक्काम करून परत यायचे, आंघोळ करायचे, ताटावर बसायचे, आणि मी समोर बसून बोलायचे. कोण आलं, कोण गेलं, नळावर काय झालं, रुचिताच्या बाई काय म्हणाल्या. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी ह्यांना रात्र रात्र सांगितलं. हे ऐकायचे. मध्ये कधी तोडलं नाही, कंटाळले नाहीत, 'हं' म्हणायचे. माझ्या सगळ्या जावा-नणंदांचे नवरे 'पुरे आता' म्हणणारे; माझ्या एकटीचा असा, की बायको बोलतेय तोवर घास हळू खाणारा. मला त्या 'हं'चा केवढा आधार होता! माणूस बोलका नाही, पण माझं सगळं त्याच्या पोटात आहे, असं मी धरून चालले होते.

म्हणून तर तांब्या घेऊन दाराशी उभी होते त्या सकाळनंतर माझं डोकं भिरभिरलं. एक तर हा माणूस बोलतो. दुसरं म्हणजे मालवणीत बोलतो. आमच्या सासूबाई गेल्यापासून ती भाषा मी घरात ऐकली नव्हती. मी साताऱ्याकडची, मला ती समजते, बोलता येत नाही. माझ्याशी हे नेहमी डेपोतलं मराठी बोलले, 'येतो', 'जातो', 'वाढ', एवढंच. आणि तिसरं, मला काहीतरी सांगायचं आहे, आणि ते ह्या मांजरीला ठाऊक असून मला नाही. दुसऱ्या दिवशी मी चहा लवकर उरकला आणि ओट्याशी उभी राहिले. खिडकी उघडीच असते. खारी आली. हे सुरू झाले. काल बांगड्याचा तिखला कसा झाला होता ते सांगितलं. "झ्याक झाला हुता गो. तिरफळां बरोब्बर. तिचो हातच तसो." मी खिडकीत उभी, हातात पोळ्यांचं पीठ. मी तो तिखला चाखून नाक मुरडलेलं, मीठ पुढे झालंय का म्हणून दोनदा विचारलेलं, आणि हे हं म्हणाले होते! मला मांजरीचा मत्सर वाटला, हे आज सांगायला लाज वाटत नाही. साठीला टेकलेली बाई मी, आणि पीठ तसंच हातात धरून खारीच्या पाठीकडे बघत होते. तिच्याकडे काय आहे जे माझ्याकडे नाही? ती ह्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. उकरत होती, पंजा चाटत होती, मध्येच माशीवर झडप घालत होती, आणि हे बोलत होते. गावाकडच्या ओहोळाबद्दल, टिटवाळ्याच्या रिक्षावाल्यांना गाडी कशी वळवावी कळत नाही त्याबद्दल. माझ्याबद्दल बोलताना मात्र नाव घ्यायचे. नंदान असा केला, नंदान तसा केला. मी मुकाट ऐकत होते, आणि मी मुकाट असणं हेच मुळी नवल.

खारी माझ्याच वाफ्यात का येते हे कोडं सुटलं ते असंच दुसऱ्या कामात असताना. बुधवारी बाजारातून शांताबाईकडून मांदेली आणली. ती कोळीण मला बघितली की लांबूनच "ये गो बाय" म्हणते, मग दुसरीकडे जायची सोय नाही. मांदेली साफ केली, तीन पाण्यांनी धुतली, आणि ते पाणी नेहमीसारखं नेऊन अळवाला आणि मेथीला घातलं. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलेलं, मासळी धुतलेलं पाणी मोरीत टाकायचं नाही, झाडाला घालायचं, झाड तेज धरतं. खोपटला मी ते चाळीच्या कढीपत्त्याला घालायचे. इथे आल्यावर तर ती धन्यता, की आता माझंच झाड, माझंच पाणी! तर त्या संध्याकाळी मी वाकून पाणी ओततेय, आणि वर बघते तर भिंतीवर खारी. पुढचे दोन पाय नीट जुळवून, मिशा पुढे काढून, माझ्या हाताकडे बघतेय. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुधवार, शुक्रवार, रविवार! अहो, मी एका हाताने संत्र्याच्या साली टाकत होते आणि दुसऱ्या हाताने तिची पंगत वाढत होते. जगातल्या कुठल्या मांजरीला मांदेलीच्या वासाची माती सोडून घरी जाऊन कोरडं खाणं खावंसं वाटेल? मी तिथेच वाफ्यात उकिडवी बसून इतकी हसले की हे आतून बाहेर आले. काय झालं म्हणून विचारलं नाही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, मग तेही थोडं हसले.

आता उपाय हातात होता आणि तो फुकटातला होता. पाणी मोरीत टाकायचं, बस. शुक्रवारी टाकलं, रविवारी टाकलं. जुनी माती वरवर काढून नवी पसरली. खारी आली, वाफ्याभोवती फिरली, नाक लावलं, आणि निघून गेली. मग यायचीच बंद झाली. माझी मेथी अशी उभी राहिली की बघत राहावं. आणि हे खुर्चीवर गप्प. मी खिडकीशी उभी राहायचे, पीठ मळून व्हायचं, भाजी चिरून व्हायची, बाहेरून आवाज नाही. हे अधूनमधून भिंतीकडे बघायचे. एकदा उठून भिंतीपर्यंत गेले, पलीकडे वाकले, परत येऊन बसले. त्यांच्या पाठीला मी आतून बघत होते आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, नंदाला काय सांगायचंय? माणूस काय लपवू शकतो? मी सगळं धुंडाळलं. दुखणं असेल, तर रिपोर्ट कुठेतरी असता, आणि माझ्या घरात माझ्या नजरेआड काही नसतं. गावची जमीन भावाला लिहून दिली असेल? दिली तर दिली, तिथे जाऊन मी काय करणार आहे. दुसरी बाई? वस्तीची गाडी कुठल्या कुठल्या गावात रात्री थांबायची, कोण कुठे काय, मला काय माहीत! ती बाई मी दोन दिवस मनात उभी केली. मुरबाडकडची असावी, कमी बोलणारी, भाकऱ्या चांगल्या थापणारी. तिला मी नऊवारी नेसवली, नाकात चमकी घातली. तिसऱ्या दिवशी मलाच हसू आलं. ह्या माणसाला साधा बटाटा आणायला सांगितला तर तो रताळी आणतो, तो कसला दोन घरं सांभाळतोय! पण मग काय? हसू ओसरलं की प्रश्न तिथेच असायचा, आणि आता त्यात भीती मिसळायला लागली होती. ह्या वयात एखादी गोष्ट सांगायची राहून गेली तर ती कायमची राहते. माझ्या बहिणीलाही मला काहीतरी सांगायचं होतं, ती हात धरून नुसती बघत राहिली आणि गेली.

म्हणून मी सरळ विचारायचं ठरवलं. ऐकत होते हे कबूल करायचं नाही, सहज विचारायचं. भांडी घासता घासता, पाठमोरी, म्हटलं, "अहो, तुम्हाला मला काही सांगायचंय का?" हे मागे टेबलाशी पेपर वाचत होते. "हं," म्हणाले. माझा हात थांबला. मी वाट बघितली. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. "मग सांगा की!" मी म्हटलं. "हं," म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. असा संताप आला म्हणून सांगू! मी हातातली घासणी सिंकमध्ये फेकली आणि बेडरूममध्ये जाऊन बसले. तिथे बसून ठरवलं, की हा माणूस माझ्याशी बोलणार नाही, तो मांजरीशीच बोलणार. आणि तो जे मांजरीला सांगेल ते मी खिडकीतून ऐकेन. मेथीचं काय व्हायचं ते होवो. संध्याकाळी शांताबाईकडून दुप्पट मांदेली घेतली. "पावणे येतात का गो?" तिने विचारलं. "येतात," मी म्हटलं. धुतलेलं सगळं पाणी वाफ्यात ओतलं, वर चार डोकीपण पुरली. माझी स्वतःची मेथी! ओतताना माझा जीव वरखाली होत होता, पण ओतलं.

खारी आली. मुळासकट सगळं उकरलं तिने, वाफ्याचं नांगरलेलं शेत केलं, आणि मी खिडकीत देवासमोर उभं राहावं तशी उभी. हे बोलायला लागले. आधी तिला रागावले, इतके दिवस कुठे होतीस म्हणून. मग आवाज खाली गेला. "कसा सांगू गो तिका? ती उगाच..." आणि तेवढ्यात पलीकडून रचनाची हाक आली, "खारीऽ! अरे देवा, काकूंच्या झाडात! खारी, ये इकडे!" रचना भिंतीवरून वाकली, तिने वाफा बघितला, मला खिडकीत बघितलं, आणि तिचा चेहरा पार उतरला. "सॉरी ओ काकू, रिअली सॉरी. मी शाळेतून येते आणि मला काय कळतच नाही ती कुठे असते. तुम्ही ग्रुपवर टाकलेलंत ना, तेव्हापासून मी जाळीवाल्याच्या मागे आहे. उद्या येतोय तो. भिंतीपासून वरपर्यंत मारून घेते. परत नाही यायची, प्रॉमिस." मी म्हटलं, "अगं राहू दे गं, एवढं काही नाही." तिला वाटलं मी मोठेपणाने बोलतेय. तिचे डोळे भरून आले. "नाही काकू, तुम्ही किती सहन केलंत." आता हिला काय सांगू? की बाई, जाळी लावू नकोस, माझा नवरा तुझ्या मांजरीला माझ्याबद्दल काहीतरी सांगतोय आणि त्याचं वाक्य अर्धं राहिलंय? मी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी जाळीवाला आला, ती कबुतरांची हिरवी जाळी ठोकली, आणि दुपारपर्यंत आमच्या दोन घरांत पक्कं कुंपण झालं. खारी पलीकडून जाळीला पंजा लावून बसली. हे बराच वेळ तिच्याकडे बघत होते. रात्री जेवताना मी काहीच बोलले नाही, आणि ह्यांनी दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्यानंतरच्या सकाळी हे खुर्चीवर बसून होते आणि वाफा उद्ध्वस्त. मी खिडकीतून बघत होते, आणि मला विचार करायला दुसरं काही नव्हतं म्हणून खारीचाच विचार करत होते. ती काय करायची? यायची, पाठ करायची, मातीत हात घालायची. बघायची नाही, विचारायची नाही, मध्ये तोंड घालायची नाही. मी तर माणसाने 'मी' म्हणायच्या आधी 'कळलं' म्हणते. असेल, तेच असेल. ह्यांना तोंडावर नजर नको असेल. मी साडी खोचली, खुरपं घेतलं आणि मागे गेले. ह्यांच्याकडे बघितलं नाही. जिथे खारी बसायची तिथे, मेथीच्या खड्ड्यात, ह्यांच्याकडे पाठ करून बसले आणि माती सारखी करायला लागले. उपटलेली रोपं गोळा केली, उघडा पडलेला गड्डा परत पुरला. बोलायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते, काय वाटेल ते झालं तरी नंदा, आज तोंड उघडायचं नाहीस. पाठीवर ऊन येत होतं. जिभेवर दहा वाक्यं आली आणि मी दहाही गिळली. पलीकडे रचनाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी मिरच्यांच्या कडेचं गवत काढलं, मग नसलेलं गवतही काढलं. आणि मग मागून आवाज आला.

"नंदा."

मी वळले नाही. खुरपं चालू ठेवलं.

"माका आयकाक येणा नाय, नंदा. डावो कान कधीचोच गेलो. उजवो पण आता जाता. तू बोलतंस तेचो आवाज येता माका. शब्द येणत नाय."

खुरपं मातीतच राहिलं. मागे हे बोलत होते, खारीशी बोलायचे तसंच, सावकाश, थांबत. डावीकडे इंजिन, जन्मभर डावीकडे, असं काहीतरी. "गाडयेवरसून उतरवतीत ह्या भियान तेवा कोणाक बोलूक नाय. मगे तुका काय सांगू? तू इतक्या हौशेन बोलतंस. म्हटलां, तिचो हिरमोड कशाक." कधीपासून? माझी बहीण गेली तेव्हा ऐकू येत होतं का? त्या रात्री मी जे सांगितलं ते, जे मी रुचितालाही कधी सांगितलं नाही, ते कुणाच्या पोटात आहे मग? नळावरची भांडणं, शेजारणींच्या नकला, मला आलेलं रडू, सगळ्याला हं. माझा सगळा संसार मी ज्याच्याजवळ ठेवला तिथे तो पोचलाच नव्हता. आधी राग आला, असा की ते खुरपं भिंतीवर फेकावं. आणि रागाच्या पोटातच ती खुर्चीवरची पाठ दिसली, जिला मी आतून ओरडायचे, अहो हाकला ना तिला. ताटावरचा तो हळू खाल्लेला घास दिसला. मी बोलताना हा माणूस माझ्या तोंडाकडे का बघत बसायचा ते दिसलं.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" मी म्हटलं. रडत म्हटलं, पाठमोरीच. हे मागे बोलतच राहिले, रस्त्यावर परवा मागून मोटरसायकलवाला आला तो कळलाच नाही असं काहीतरी. माझ्या बोलण्यावर थांबलेही नाहीत. मी काही म्हटलं हेच त्यांना कळलं नव्हतं.

तेव्हा मी वळले. मातीतच वळले, गुडघ्यांवर, आणि सरकत खुर्चीच्या समोर गेले. हात पदराला पुसले. ह्यांचा चेहरा घाबरलेला होता, गाडी घसरल्यावर होत असेल तसा. एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं उजेडात, समोरून, गप्प बसून बघितलं नव्हतं. जाळीपलीकडे खारी होती की नव्हती, मी पाहिलं नाही.

"इतकी वर्षं," मी म्हटलं, "मी कुणाशी बोलत होते?"

ह्यांनी कानामागे हात धरला. माझ्यासमोर, पहिल्यांदाच. खुर्चीतून पुढे वाकले, आणि माझ्या ओठांवरची नजर न हलवता म्हणाले, "परत सांग."